पेशी ‘थकतात’ की त्यांचे काम ‘मंदावते’?

गिरगावकर : लिम्फोमा (पांढऱ्या पेशींचा एक कर्करोग) झालेली कुत्री पाळणाऱ्यांसाठी मी एक माहितीपत्रक मराठीत करीत आहे. मुद्दा असा, की रक्ततपासणीत पांढऱ्या पेशींची संख्या ठीक दिसली, तरी जंतू गिळून मारण्याचे काम त्या पूर्वीसारखे करतीलच असे नाही. मी ‘पेशी थकतात’ असे लिहिले, तर ओळखीच्या पशुवैद्यांनी त्यावर लाल रेघ मारली. मग काय लिहावे?

परळवासी : रेघ योग्यच आहे. ‘थकवा’ ही टी पेशींची, म्हणजे कर्करोगाच्या पेशींवर हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशींची, विशिष्ट अवस्था आहे. कर्करोगाशी दीर्घकाळ गाठ पडली, की त्यांच्यावर पीडी-१ या प्रथिनासारखे लगाम वाढतात व त्यांचा हल्ला ढिला पडतो. (पीडी-१ शोधणाऱ्या तासुकु होंजो यांना २०१८ चे नोबेल मिळाले.) जंतू गिळणाऱ्या न्यूट्रोफिल पेशींना तो शब्द लावू नये; त्यांचे काम ‘मंदावते’ म्हणावे.

दादरकर : टी पेशींनाही ‘थकवा’ नको. थकवा झोपेने जातो, हा नुसत्या विश्रांतीने जात नाही. ‘क्लांती’ हा संस्कृत शब्द असताना संदिग्धता कशाला? न्यूट्रोफिललाही ‘भक्षकपेशी’ म्हणावे.

गिरगावकर : भक्षकपेशींत इतरही पेशी येतात, त्यामुळे तो शब्द इथे पुरत नाही. आणि ‘आजोबा आता थकले’ असे आपण म्हणतो, तेव्हा ते झोपून उठल्यावर ताजे होतील असे कोणाला वाटते का? चाळीत भाडेही थकते. ‘क्लांती’ वाचून पालक पत्रक मिटून ठेवतील.

लालबागकर : आमच्या कुत्र्याच्या मानेवरून हात फिरवताना जबड्याखाली दोन्ही बाजूंना सुपारीएवढ्या टणक गाठी लागल्या. आई म्हणाली, ‘अवधाण आले असेल.’ पत्रकात ‘लसिकाग्रंथींची वाढ’ ऐवजी हाच शब्द घ्यावा.

परळवासी : अवधाण पायाच्या जखमेने जांघेत येते आणि ठणकते. लिम्फोमाच्या गाठी सहसा दुखत नाहीत, म्हणूनच त्या उशिरा लक्षात येतात. त्या शब्दाने पालक निर्धास्त राहतील.

दादरकर : शिवाय ‘लसीका’ आयुर्वेदात कुष्ठाच्या वर्णनात आहे, तो शब्द आपलाच आहे.

लालबागकर : जखमेतून वाहते ती ‘लस’ आणि दंडात टोचतात तीही ‘लस’, हे दोन्ही तिथूनच आले असावेत का?

दादरकर : पहिली लस तिथूनच आली, याविषयी माझ्या मनात शंका नाही. दुसरीसाठी जुने कोश काढून बसतो.

गिरगावकर : पत्रक शुक्रवारी छापायला जायचे आहे. न्यूट्रोफिलपुढे ‘मंदावते’ घातले आहे. टी पेशींपुढची जागा अजून मोकळी आहे.