जोड गळला की दुर्बीण पुरते?

सांगलीकर:
काल इथे कुणीतरी ठोकून दिलं, "आतड्याचा जोड गळला तरी आता पोट उघडावं लागत नाही, दुर्बिणीतून क्लिप मारली की झालं." वाचून राहवलं नाही. वडिलांचं गुदाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, रोगट भाग कापून आतड्याची टोकं शिवून जोडली. तोच जोड गळला. सहाव्या दिवशी ताप, नाडी १२०, ड्रेनमध्ये, म्हणजे पोटातलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीत, शेणकट पाणी. पोटभर पू. त्या रात्री पोट उघडलं नसतं तर वडील आज नसते.

सर्जरी_रेसिडेंट:
पोटभर पू असेल तर उघडायलाच हवं, वाद नाही. पण गळती खाली, जोडाबाहेरच्या पोकळीत अडकलेली असेल आणि पेशंट स्थिर असेल, तर गुदद्वारातून दुर्बीण घालून त्या पोकळीत स्पंज ठेवतात आणि सक्शन लावतात. पू ओढला जातो, पोकळी आक्रसते. म्युनिकचे सर्जन वायडनहागेन यांनी २००८ मध्ये अशा २९ पेशंटचा अभ्यास छापला, २८ जणांची गळती बरी झाली.

सांगलीकर:
किती दिवसांत?

सर्जरी_रेसिडेंट:
सरासरी ३४ दिवस, ११ वेळा दुर्बीण. स्पंज दर दोन-तीन दिवसांनी बदलावा लागतो. "क्लिप मारली की झालं" हे चूकच. क्लिप लहान, ताज्या भोकाला. कडा सुजलेल्या, कुजलेल्या असतील तर ती धरतच नाही.

कराडची_मावशी:
आणि पिशवी? त्यातल्या बहुतेकांना शी बाहेर वळवायला पोटावर पिशवी होतीच ना? माझ्या बहिणीला वर्षभर होती. लग्नाकार्याला जाणं बंद, लोक नाकाला पदर लावायचे. तिला वाचवलंत म्हणता, पण जगणं हिरावलंत.

परभणीचा_भाऊ:
मावशी, मला ही पिशवी चार वर्षं आहे. शेतात जातो, एसटीने फिरतो. नाकाला पदर लावणाऱ्यांना बोला, पिशवीला नाही!

कराडची_मावशी:
तुम्हाला कुणी नीट शिकवलं असेल. आम्हाला डिस्चार्जच्या दिवशी पाच मिनिटांत दाखवलं. पिशवी कातडीला चिकटवायच्या चकतीचं भोक बोटभर मोठं कापलं गेलं, लहान आतड्याची पातळ शी कातडीवर साचली, आठवड्यात चामडी सोलली. ताई रात्रभर पंख्याखाली पोट उघडं टाकून रडायची.

परभणीचा_भाऊ:
हे चूकच झालं. भोक स्टोमाच्या, म्हणजे पोटावर काढलेल्या आतड्याच्या तोंडाच्या, मापाला एक-दोन मिलिमीटर सैल, एवढंच हवं. माझंही पहिल्या महिन्यात असंच सोललं होतं. चिडून बोललो, माफ करा.

सर्जरी_रेसिडेंट:
मूळ मुद्द्यावर या. पिशवीने शी वळवली की खालच्या स्पंजचं काम सोपं होतं.

सांगलीकर:
बरं, तुमचा स्पंज मान्य. पण "पोट उघडावं लागत नाही" हे वाक्य मागे घ्यायला लावा. ते वाचून एखादा मुलगा वडिलांच्या संमतीपत्रावर सही करायला रात्रभर थांबेल.