कोडी चेसनटने तो अल्बम पुन्हा रेकॉर्ड करायला हवा होता का?

तबकडी
परवा मित्राला ‘द हेडफोन मास्टरपीस’ ऐकवला. तिसऱ्या गाण्याला त्याने हेडफोन काढून ठेवले आणि म्हणाला, “हा डेमो आहे रे, अल्बम नाही.” तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय.

ज्यांनी ऐकलेला नाही त्यांच्यासाठी: कोडी चेसनट हा अटलांटाचा सोल (अमेरिकेतलं कृष्णवर्णीयांचं भावगर्भ संगीत) गायक. लिहिणं, वाजवणं, निर्मिती सगळं स्वतःच. त्याने बेडरूममध्ये, कॅसेटवर चालणाऱ्या चार ट्रॅकच्या (म्हणजे चारच वेगळे आवाज शेजारी ठेवता येणाऱ्या) मशीनवर ३६ गाणी केली. बड्या कंपन्यांना रस होता, पण त्यांना ती नव्याने रेकॉर्ड करून हवी होती. तो बधला नाही. २००२ साली स्वतःच्या लेबलवरून जशीच्या तशी काढली.

माझ्या मते त्याने केलं तेच बरोबर. गाणं सुचलं त्या रात्रीचा गळा त्या टेपवर आहे. तो वर्षभराने स्टुडिओत कुठून आणणार?

मंद्र
मला नाही पटत. मी स्वतः असल्या मशीनवर काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ट्रॅक चारच. तीन भरले की ते एकत्र करून चौथ्यावर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या तिघांवर पुढचं वाजवायचं. याला बाउन्स म्हणतात. दर बाउन्सला झांजेची धार जाते, मागचा ‘सूंऽऽ’ वाढतो. आणि मागे फिरता येत नाही. बेस जास्त झाला तर तो कायमचा जास्तच. तेव्हा तुम्ही ज्याला त्या रात्रीचा गळा म्हणता, त्यात निम्मा भाग मशीनच्या मर्यादेचा आहे. इतका मऊ, वर चढतानाही न फाटणारा आवाज, आणि तो गादीखालून आल्यासारखा ऐकायचा? मला वाईट वाटतं.

त्याचंच उदाहरण घ्या. या अल्बममधलं ‘द सीड’ त्याच वर्षी द रूट्स या हिप-हॉप बँडबरोबर ‘द सीड (२.०)’ म्हणून पुन्हा झालं. गळा त्याचाच, पण खाली खरे ड्रम्स. गाणं ताडकन उभं राहिलं. बहुतेकांना तो माहीत आहे तो याच गाण्यामुळे.

तबकडी
मंद्रताई, बाउन्सचं मान्य. पण ‘२.०’ मध्ये रूट्सच्या ब्लॅक थॉटचा रॅप आला, क्वेस्टलवचे ड्रम्स आले. नवी माणसं आली म्हणून गाणं वाढलं, टेप स्वच्छ झाली म्हणून नाही. कंपनीला तेच गाणं फक्त घासूनपुसून हवं होतं.

ढोलकीवाला
तुम्ही दोघं आवाजावर भांडताय. माझी तक्रार वेगळी. ३६ मधली कितीतरी नुसते तुकडे आहेत, सुरू होईपर्यंत संपतात. आणि बायकांबद्दल तो काही ठिकाणी जे बोलतो ते मला ऐकवत नाही. गायक आणि निर्माता एकच असला की “हे काढ” म्हणणारं कुणी उरत नाही. माझ्या हिशेबाने त्यातली पंधरा ठेवली असती तर हा वाद झालाच नसता.

मंद्र
ढोलकीवाले, म्हणूनच म्हणते, २०१२ चा ‘लँडिंग ऑन अ हंड्रेड’ ऐका. मेम्फिसच्या रॉयल स्टुडिओत केलेला. ती वास्तू मूळची सिनेमा थिएटर, आतली जमीन अजून उतरती आहे. निर्माता विली मिचेलने सोल गायक अल ग्रीनची सत्तरच्या दशकातली गाणी तिथेच केली. कोडीच्या या अल्बममधल्या ‘एव्हरीबडीज ब्रदर’मध्ये कधीकाळी नशेत बुडालेला, जुगारात पैसे उडवलेला माणूस सांगतो, की आता मी चर्चमध्ये मुलांना शिकवतो. मागे ब्रास, कोरस, आणि आवाजाला श्वास घ्यायला जागा. मला पहिल्यांदा ऐकताना रडू आलं होतं.

ढोलकीवाला
हो, तो अल्बम मीही मानतो. तिथे शब्दांची लाज वाटत नाही.

तबकडी
मीही मानतो, मनापासून. पण तो दहा वर्षांनी आला, तोवर तो बाप झाला होता. बेडरूममधल्या पोराला २००२ मध्येच मेम्फिसला नेलं असतं तर ‘एव्हरीबडीज ब्रदर’ निघालं नसतं, आणि ती ३६ गाणीही हातची गेली असती. त्यातले तुकडे मला हवेत. ‘हे असं जमतंय का’ म्हणत माणूस एकटा बसलाय, हे त्या तुकड्यांतच ऐकू येतं.

आज संध्याकाळी मित्राला पुन्हा बसवतोय. आधी बेडरूममधलं ‘सीड’, मग रूट्सचं.

मंद्र
बसवा. फक्त सुरुवातीला आवाज कमी ठेवा, हिस, म्हणजे तो मागचा ‘सूंऽऽ’, एकदम अंगावर येतो. कान सरावला की वाढवा.