गडचिरोलीत मेडिकल कॉलेज झालं. भामरागडला डॉक्टर कधी?

वैनगंगाकाठ:
२०२४ मध्ये राज्यात एकदम दहा सरकारी मेडिकल कॉलेजं सुरू झाली, त्यात आमचं गडचिरोलीही आलं. आनंद आहेच. पण भामरागड इथून दीडशे किलोमीटरच्या पुढे, आणि पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ताच बंद. माझी मागणी एकच: काही जागा जिल्ह्यातल्याच मुलांना राखून ठेवा. जपानचं जिची विद्यापीठ १९७२ पासून हेच करतंय. दर प्रांतातून दोन-तीन मुलं निवडतात, फीचा भार प्रांत उचलतो, आणि सहा वर्षांच्या शिक्षणानंतर नऊ वर्षं आपल्याच प्रांतात सेवा. इथल्या आदिवासींची माडिया भाषा बोलणारा डॉक्टर पुण्याहून येणार नाही हो.

मराठवाडी:
विरोध. मेडिकल प्रवेशाचा ७०:३० चा कोटा विसरलात का? ७० टक्के जागा त्या-त्या विभागातल्या मुलांना होत्या. आमच्याकडे कॉलेजं कमी, त्यामुळे चांगले मार्क असूनही मुलं मागे राहायची. २०२० मध्ये तो रद्द झाला तेव्हा कुठे न्याय मिळाला. आता तेच जिल्हावार करायचं?

बाँड संपवलेली:
मी बाँडचं, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेचं वर्ष एका दुर्गम प्राथमिक आरोग्य केंद्रात काढलं. दहा लाख भरून सुटता आलं असतं, नाही सुटले. रात्री दोन वाजता बाळंतीण अडली. रक्त नाही, भूल द्यायला कोणी नाही, विचारायला सीनियर नाही. गाडीत तिचा हात धरून बसण्यापलीकडे मला काही करता आलं नाही. स्थानिक मुलगी असते तरी वेगळं काय केलं असतं? आधी अहेरीच्या उपजिल्हा रुग्णालयात कॉलेजचे प्राध्यापक आणि विद्यार्थी आळीपाळीने ठेवा. मग नवा डॉक्टर एकटा पडणार नाही.

आशाताईचा मुलगा:
डॉक्टर-डॉक्टर काय चाललंय? याच जिल्ह्यात डॉक्टर बंग दांपत्याच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरला, १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. कॉलेजने आशांना शिकवावं, जागांचं नंतर बघू.

वैनगंगाकाठ:
@मराठवाडी, तुमचा राग रास्त आहे. पण ७०:३० मध्ये सेवेची अट कुठे होती? मी मागतोय ती जागा नऊ वर्षांच्या बोलीवर. @बाँड संपवलेली, ताई, अहेरीचं पटलं; दोन्ही हवं. सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजात तर प्रत्येक बॅच एक गाव दत्तक घेते, पंधरा दिवस तिथेच राहते.

मराठवाडी:
सतरा-अठरा वर्षांच्या पोराकडून नऊ वर्षं लिहून घेणार? त्यानं मध्येच पीजीला जायचं म्हटलं तर? तेवढं सांगा, मग पाठिंब्याचं बघतो.

बाँड संपवलेली:
पीजी तिथेच द्या. अहेरीला स्त्रीरोग आणि भूलतज्ज्ञ घडवा. त्या रात्री मला हेच दोघं हवे होते.