उपग्रह असले तरी जमिनीवरचे दीपस्तंभ हवेतच

‘जीपीएस असताना जमिनीवरची व्हीओआर केंद्रे (रेडिओ लहरींनी विमानाला दिशा सांगणारी केंद्रे) बंद झाली तर बिघडले कुठे?’ या प्रश्नावरच्या चर्चेला थोडी पुरवणी जोडतो.

व्हीओआरच्या लहरी १०८ ते ११७.९५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात असतात आणि जवळजवळ सरळ रेषेत जातात. त्यामुळे समुद्रावर २,००० फुटांवरील विमानाला समुद्रसपाटीवरचे केंद्र साधारण १०० किलोमीटरपर्यंत आणि १०,००० फुटांवर सुमारे २२५ किलोमीटरपर्यंत ‘दिसते’. मात्र मध्ये डोंगर आला की हे गणित कोलमडते. गोव्यातल्या वास्कोच्या पठारावरून पश्चिमेला मोकळा अरबी समुद्र आहे, पण पूर्वेला सह्याद्रीची भिंत उभी आहे, आणि तिच्या पलीकडच्या सावलीत कमी उंचीवर संकेत मिळेलच असे गृहीत धरता येत नाही. पावसाळ्यात ढग नेमके याच डोंगरांना टेकलेले असतात, हे इथे राहणाऱ्यांना सांगायला नको.

अमेरिकेने केंद्रे कमी करतानाही किमान जाळे राखले आहे: तिथे ५,००० फुटांवर व्हीओआरचा आधार मिळावा आणि १०० सागरी मैलांच्या आत जीपीएसविना उतरता येईल असा विमानतळ असावा, हा त्यामागचा हिशेब आहे. मला तो योग्य वाटतो. आपली ‘गगन’ ही भारतीय उपग्रह-आधारित यंत्रणा जीपीएसची अचूकता वाढवते, परंतु उपग्रहाचा क्षीण संकेतच कोणी जॅमरने दाबला, तर तीही निरुपयोगी ठरते. मोठ्या प्रवासी विमानांत जडत्वमापक यंत्रणा असते, म्हणजे बाहेरच्या संकेताविना विमानाच्या हालचालींवरूनच स्थान काढणारी. लहान विमानाच्या वैमानिकाकडे बहुधा ती नसते, आणि कुठलाच संकेत न मिळण्याच्या पोकळीचा खरा धोका त्यालाच आहे.