स्प्रिंकलर लावले की झालं का?

शाफ्टवाला: बरीच वर्षं एसीच्या डक्टिंगमध्ये आहे. परवा फॉल्स सीलिंगची एक टाइल सरकवली. वर डक्टमध्ये फायर डॅम्पर, म्हणजे आगीत आपोआप बंद होणारी झडप. पातं उघडं धरणारी त्यातली धातूची कडी, फ्यूजिबल लिंक, साधारण ७२ अंशांना वितळते, पातं पडतं आणि धुराची वाट बंद होते. इथे लिंक कधीतरी तुटली असणार. नवी बसवायची सोडून कुणीतरी पातं चक्क बाइंडिंग वायरने उघडं बांधून ठेवलेलं! बाजूच्या शाफ्टमध्ये, म्हणजे केबलींच्या उभ्या पोकळीत, केबल ओढताना स्लॅबच्या भोकाचं धूर अडवणारं सील फोडलंय, आख्खी मूठ आत जाते. आणि मालक स्प्रिंकलरची कोटेशनं मागवतोय. मी म्हणतो, पैसा बेताचा असेल तर आधी ही भोकं बुजवा. १९८० साली लास वेगासच्या एमजीएम ग्रँड हॉटेलात आग लागली खालच्या मजल्यावर. ८५ माणसं गेली, त्यातली बहुतेक वरच्या मजल्यांवर, धुराने. लिफ्टचे शाफ्ट आणि जिने धुराला मोकळेच होते.

पंपरूम: उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. आग भडकली त्या भागात स्प्रिंकलर नव्हते, हे सांगायचं राहिलं वाटतं. स्प्रिंकलरचं लाल काचेचं हेड, म्हणजे छतातलं पाण्याचं तोंड, ६८ अंशांना फुटतं, आणि तापलं तेवढंच फुटतं. सिनेमात दाखवतात तसा सगळा मजला भिजत नाही. आग कोपऱ्यातच दाबली तर भोकातून जाणार काय?

शाफ्टवाला: आणि केबल शाफ्टमध्येच धुमसत असेल तर? पीव्हीसी जळताना हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सुटते, घसा धरतो, डोळे उघडत नाहीत. ज्वाळा नाही, म्हणजे तुमच्या हेडपाशी ६८ अंश व्हायचे कधी? शिवाय पाणी यायला पंप चालावा लागतो. खरं सांगा, पंपाचा सिलेक्टर, म्हणजे ऑटो-मॅन्युअलचा खटका, ऑटोवर असतो का?

पंपरूम: वर्मावर बोट ठेवलंत. पुष्कळ ठिकाणी मॅन्युअलवर सापडतो. लाइन कुठेतरी गळते, लाइनीतला दाब टिकवणारा छोटा जॉकी पंप सारखा चालू-बंद होतो, गळती शोधायचा कंटाळा, मग फिरवला खटका. धुमसत्या केबलचंही मान्य, तिथे स्मोक डिटेक्टरच हवा. पण पंप चालवून बघता येतो, गेजचा काटा समोर दिसतो. तुमचा डॅम्पर सीलिंगआड वर्षानुवर्षं कोण बघतं? तुम्हीसुद्धा टाइल सरकवलीत म्हणून कळलं.

शाफ्टवाला: सील बघायला टॉर्च पुरते. त्याला वीज नको, डिझेल नको, खटकाही नाही.

तिसरामजला: मी नुसता राहणारा. आमच्या जिन्याचं फायर डोअर वीट लावून उघडं असतं, वारा येतो म्हणून. बंद असू दे म्हटलं की लोक मलाच वेड्यात काढतात.

पंपरूम: वीट काढाच. आग लागल्यावर पंखा जिन्यात हवा भरतो. बाहेरच्यापेक्षा साधारण ५० पास्कल दाब जास्त, म्हणून धूर आत शिरत नाही. दार सताड उघडं असेल तर तो दाब टिकायचा कसा? (वीट मीही ठेवलीय पूर्वी, सामान चढवताना. परत काढली की नाही, देव जाणे.) शाफ्टवाले, त्या तारेचं काय केलंत?

शाफ्टवाला: लिंक मागवलीय.

पंपरूम: तारेचं विचारतोय.

शाफ्टवाला: आहे अजून. सोडली तर पातं पडतं, वर हवा जात नाही. दोन फोन येऊन गेले.