आकडेवारीतल्या 'बायस'ला मराठीत काय म्हणायचं?

एक भाषांतर करतेय. आंतरराष्ट्रीय संबंधांच्या अभ्यासाला जे डेटासेट वापरतात त्यात ठरावीक देशांच्या नजरेचा बायस कसा शिरतो, असा विषय आहे. आधी पूर्वग्रह लिहिलं, मग पक्षपात, दोन्ही खोडलं. दोन्हीत कुणीतरी माणूस मनात काहीतरी धरून बसलाय असं वाटतं आणि इथे प्रकार वेगळा आहे. कल चालेल का?

– कल म्हटलं की मतमोजणीच आठवते हो. उदाहरण द्या ना एखादं.

– देते. 'कोरिलेट्स ऑफ वॉर' म्हणून युद्धांची मोठी यादी आहे, 1963 साली मिशिगन विद्यापीठात सुरू झालेली, नोंदी 1816 पासूनच्या. त्यात 1920 च्या आधीचं राज्य 'राज्य', म्हणजे स्वतंत्र देश, म्हणून धरायचं तर लोकसंख्या किमान 5 लाख हवी आणि ब्रिटन आणि फ्रान्स दोघांचेही किमान प्रभारी राजदूत दर्जाचे प्रतिनिधी तिथे हवेत. म्हणून आपली 1817-18 ची खडकी, महिदपूर, कोरेगावची लढाई दोन राज्यांमधलं युद्ध म्हणून नाहीच, ती 'राज्यबाह्य' (एक्स्ट्रा-स्टेट) खात्यात, म्हणजे एका बाजूला राज्य आणि दुसऱ्या बाजूला 'राज्य' न धरलेलं कुणीतरी. पेशव्यांचं एकवेळ सोडा, वसईच्या तहानंतर परराष्ट्र व्यवहार त्यांच्या हातात उरला नव्हता, पण 1845 चं लाहोरचं शीख राज्य तर स्वतंत्र होतं ना? त्याचं इंग्रजांशी झालेलं युद्धही त्याच खात्यात! नोंद करणाऱ्याने नियम अगदी प्रामाणिकपणे पाळलाय, नियमच लंडन-पॅरिसहून बघतो.

– मग पासंग म्हणा की. माझ्या आजोबांचं वाणसामानाचं दुकान होतं, पारडी रिकामी असतानाच तराजू एकीकडे कललेला असला तर त्या फरकाला ते पासंग म्हणायचे, आणि तो भरून काढायला हलक्या पारड्याला जो लोखंडाचा तुकडा बांधायचे तोही पासंगच. वाणी कितीही सचोटीचा असो, माप चुकणारच.

– शब्द सुरेख आहे पण आज लोकांना फक्त 'पासंगालाही पुरणार नाही' एवढंच माहितीय. शिवाय सगळीकडे बसणार नाही. अभ्यासक मॅकक्लेलंड यांचा 'वाइस' डेटासेट, म्हणजे देशादेशांमधल्या घडामोडींची यादी, न्यूयॉर्क टाइम्सच्या बातम्यांवरून केला होता, तिथे जे छापून आलंच नाही ते पारड्यातच पडलं नाही, त्याला पासंग कसं म्हणणार? तिथे मी 'एकांगी' म्हणेन.

– दोघांचंही पटलं. नियमातला असेल तिथे पासंग, पहिल्यांदा येईल तिथे तराजूचं एक वाक्य घालते. बातम्यांवरच्या प्रकरणात 'एकांगी नोंदी'. आता 'राज्यबाह्य'चं बघा जरा, ते वाचून महाराष्ट्राबाहेरचं असं वाटतंय का?