मदत हवी आहे: फ्लोट ट्रॅप वाफ सोडतोय हे कसं ओळखायचं?

मंडळी, इचलकरंजीत एका प्रोसेस हाऊसचं (कापड प्रक्रियेचा कारखाना) मेंटेनन्स बघतो. प्रश्न स्टीम ट्रॅपचा आहे, म्हणजे वाफेचं झालेलं पाणी बाहेर सोडून वाफ आत अडवणारा व्हॉल्व्ह. मेन लाइनवरच्या थर्मोडायनॅमिक ट्रॅपचं सोपं आहे: डिस्क थांबून थांबून टकटकली तर ठीक, सतत तडतडली तर गेली. पण ड्राइंग सिलिंडरांना फ्लोट ट्रॅप आहेत, ते पाणी सतत सोडतात. आवाजावरून काय कळणार, कपाळ? ते पाणी परत नेणाऱ्या रिटर्न लाइनलाही प्रेशर, त्यामुळे टेंपरेचर गन ट्रॅपच्या दोन्हीकडे जवळपास सारखंच दाखवते. अल्ट्रासॉनिक टेस्टर (कानाला न ऐकू येणारा आवाज टिपणारा) घ्यावा, की ट्रॅपनंतर साइट ग्लास (लाइनीतलं आत दिसणारी काच) बसवावा?

दुसरं म्हणजे, ट्रॅप काढायचा तर त्याच्या आधीचा आणि नंतरचा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद करूनही वाफ थोडी पास होते आणि ब्लीड पॉइंट (अडकलेलं प्रेशर सोडायची जागा) नाही. फिटर म्हणतो, "साहेब, बोल्ट ढिले करून बघू." मी साफ नाही म्हटलं, ३ बारची वाफ १४० डिग्रीच्या वर असते. लाइन चालू ठेवून एकेक ट्रॅप सुरक्षित वेगळा करायला तुम्ही काय केलंत? डबल व्हॉल्व्ह आणि मध्ये ब्लीड?